गोळीत तीन औषधं आली म्हणजे आजार तिप्पट झाला का?

एका मुलीने वडिलांबद्दल विचारलं आहे. प्रश्न लांब आहे, थोडक्यात सांगते. बाबा ६१ वर्षांचे, एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. दोन वर्षांपूर्वी बीपी १६८/१०० निघालं. ॲम्लोडिपिन ५ सुरू झाली, मग १० झाली आणि पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी ती परत ५ वर आणली आणि जोडीला टेल्मिसार्टन ४० दिली. गेल्या महिन्यात या दोन्हींबरोबर क्लोरथॅलिडोन साडेबारा असलेली, तीन औषधांची एकच गोळी लिहून दिली. शेजारचे काका म्हणतात, तीन औषधं म्हणजे शेवटची पायरी. मुलीचं म्हणणं, एकाच गोळीची पॉवर वाढवून भागलं नसतं का? घरच्या मशीनवर १२८/८० येतं म्हणून बाबा आता एक दिवसाआड गोळी घेतात. आत्याबाई सांगतात, सर्पगंधा घ्या, इंग्रजी गोळ्या सुटतील. आणि शेवटी जाता जाता एक ओळ: "कंबर दुखली की मेडिकलमधून एक गोळी आणतात, बाकी काही औषध नाही."

मी तालुक्याच्या गावी सत्तावीस वर्षं फिजिशियन म्हणून बसते. रोजच्या ओपीडीतला निम्मा वेळ याच प्रश्नांत जातो, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

आधी पॉवरचं. आपल्याकडे गोळीची ताकद मिलिग्रॅमवर मोजायची सवय आहे. "मला पाचचीच आहे, भावजींना ऐंशीची लागते" असं लोक सांगतात, त्यात पाचवाल्याच्या आवाजात किंचित अभिमानही असतो. ॲम्लोडिपिन ५, टेल्मिसार्टन ४०, लोसार्टन ५० आणि क्लोरथॅलिडोन साडेबारा हे चारही आपापल्या जागी साधारण नेहमीचेच डोस आहेत. आमटीत हिंग चिमूटभर पडतो आणि डाळ वाटीभर, त्यावरून हिंग कमजोर ठरत नाही. वेगवेगळ्या औषधांच्या मिलिग्रॅमची आपसात तुलनाच होत नाही. तेव्हा ५ अधिक ४० अधिक साडेबारा अशी बेरीज करून कोणी घाबरवत असेल तर त्यांना चहा पाजून घरी पाठवा.

आता एकाच औषधाचा डोस वाढवला तर काय होतं ते बघा. बीपीच्या बहुतेक औषधांचा बराचसा परिणाम कमी डोसमध्येच मिळून जातो. ढोबळ हिशोब असा: नेहमीच्या डोसमधलं कुठलंही एक औषध वरचा आकडा सरासरी नऊ-दहाने खाली आणतं. तोच डोस दुप्पट केला तर आणखी दोन-एक आकडे उतरतात. त्याऐवजी दुसऱ्या घराण्यातलं, म्हणजे वेगळ्या तऱ्हेने काम करणारं, औषध नेहमीच्या डोसमध्ये जोडलं, तर पुन्हा जवळजवळ पहिल्याइतकीच घट मिळते. २००९ साली ४२ चाचण्यांतल्या सुमारे ११ हजार रुग्णांची आकडेवारी एकत्र करून हे तपासलं गेलं. वेगळं औषध जोडल्याने होणारी जास्तीची घट ही डोस दुप्पट करण्याच्या जवळजवळ पाचपट निघाली. त्रासाचं गणित मात्र उलटं. ॲम्लोडिपिन ५ वर पाय सुजणारे थोडे, १० वर कितीतरी जास्त. म्हणजे डोस वाढवून फायदा चिमूटभर आणि त्रास ओंजळभर. तुमच्या डॉक्टरांनी दहाची पाच करून दुसरं औषध जोडलं, ते या हिशोबाला धरूनच आहे.

असं का होतं, तर शरीर हट्टी आहे. वर्षानुवर्षं चढलेलं बीपी हेच आपलं खरं बीपी, असं त्याने धरून ठेवलेलं असतं. ॲम्लोडिपिन बारीक धमन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करतं आणि रक्ताला वाट मोकळी होते. दाब उतरला की मूत्रपिंडाला वाटतं रक्त कमी पडतंय, ते मीठ-पाणी धरून ठेवायला बघतं. क्लोरथॅलिडोन ते मीठ लघवीवाटे बाहेर काढतं. मीठ गेलं की शरीर अँजिओटेन्सिन नावाचं, रक्तवाहिन्या आवळणारं रसायन वाढवतं. टेल्मिसार्टन त्या रसायनाची बसायची जागाच अडवून ठेवतं. एकाने उघडलेली फट दुसरा बुजवतो. म्हणून ही तीन औषधं एकाच गोळीत घालायची कल्पना कुणा कंपनीच्या डोक्यातून उगाच निघालेली नाही. सरकारी कार्यक्रमातही हेच आहे. २०१७ च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातले सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या फळीत होते. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवरच्या तक्त्यात याच घराण्यांतल्या औषधांच्या पायऱ्या असतात. बीपी आटोक्यात येईपर्यंत एकेक पायरी चढायची, आटोक्यात आलं की तिथेच थांबायचं. दोन-तीन औषधं लागणं ही निम्म्याहून जास्त रुग्णांची गोष्ट आहे. शेजारच्या काकांची शेवटची पायरी त्या तक्त्यात नाही. या तिन्हींवर पूर्ण डोस देऊनही आकडा वर राहिला तर चौथं औषध म्हणून स्पायरोनोलॅक्टोन असतं आणि ते चांगलं चालतं.

सर्पगंधेचं सांगायचा मोह आवरत नाही, कारण आत्याबाई जितकं समजतात त्यापेक्षा जास्त बरोबर आहेत, फक्त सत्तर वर्षं उशिरा. बीपीच्या आधुनिक गोळ्यांच्या वंशावळीत सर्पगंधा आजीच्या जागी आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेच्या मुळीचा बीपीवरचा परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं. १९५७ मध्ये वकिलांना या कामासाठी अमेरिकेचं लास्कर पारितोषिक मिळालं. पुढे अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एक चाचणी झाली, तिचा निकाल १९६७ मध्ये आला. खालचं बीपी ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. ७३ जणांना खरं औषध, ७० जणांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. रिकामी गोळी घेणाऱ्यांत २७ जणांना गंभीर काहीतरी झालं, औषधवाल्यांत दोघांना. बीपीवर गोळ्या देऊन माणूस वाचतो याचा पहिला ठसठशीत पुरावा तो. आणि त्या औषधात काय होतं? रिसर्पिन, हायड्रोक्लोरोथायझाइड आणि हायड्रॅलाझिन. तीन औषधं, एकत्र! म्हणजे बीपीच्या उपचाराची सुरुवातच तीन औषधांनी झाली आहे, आणि त्या तिनांत एक आत्याबाईंची सर्पगंधा होती.

मग आज ती का देत नाही? रिसर्पिनने नाक चोंदतं, सुस्ती येते, आणि जास्त डोसमध्ये काही माणसं खिन्न होऊन बसायची. त्याहून सोसायला हलकी औषधं आली, म्हणून ती मागे पडली. मुळीच्या चूर्णात रिसर्पिन किती आहे हे पुडीगणिक बदलतं, हा वेगळाच घोळ. चालू गोळ्यांवर कोणी वरून सर्पगंधा घेतली तर बीपी आणि नाडी दोन्ही नको तितकी उतरू शकते. घ्यायचीच असेल तर निदान डॉक्टरांना सांगून तरी घ्या. माझ्याकडे येणारे बरेच जण सांगत नाहीत, कारण आम्ही रागावतो. त्यात चूक आमचीही आहे.

पायाच्या सुजेवर थोडं थांबते, कारण इथे मी स्वतः एकदा घसरले आहे. सुरुवातीच्या काळातली गोष्ट. एक बाई, पन्नाशीच्या, ॲम्लोडिपिन १० वर. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा, नडगीवर बोट दाबलं की खळगा पडायचा. मी लघवीची गोळी दिली. सूज तसूभर हलली नाही. पुढच्या खेपेला तक्रार, पायात गोळे येतात. त्यासाठी कुणी तरी कॅल्शियम दिलं. महिन्याभराने रक्त तपासलं तर पोटॅशियम उतरलेलं. एका गोळीच्या त्रासावर दुसरी, दुसरीच्या त्रासावर तिसरी, आणि मूळ कारण जागच्या जागी. ॲम्लोडिपिनची सूज अंगात पाणी साठल्याची नसते. धमनीच्या बाजूचं दार उघडतं, शिरेच्या बाजूचं तसंच राहतं, म्हणून केशवाहिन्यांतून पाणी आजूबाजूला झिरपतं आणि दिवसभर उभं राहिलं की घोट्याशी उतरतं. लघवीच्या गोळीने ते जात नाही. डोस कमी केला की जातं, किंवा टेल्मिसार्टनसारखं औषध जोडलं की बरंच ओसरतं, कारण ते दुसऱ्या बाजूचंही दार थोडं उघडतं. काही डॉक्टर ॲम्लोडिपिनऐवजी सिल्निडिपिन देतात, त्यात सूज कमी असते. बाबांची सूज आता गेली असेल तर विषय संपला. मात्र एकाच पायाला सूज आली, किंवा सुजेबरोबर धाप लागत असेल, तर तो गोळीचा दोष समजून घरी बसू नका.

आता कंबरदुखीची गोळी. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जी ओळ सहज लिहिली, तिथे मी दोनदा थांबले. मेडिकलमधून मिळणारी ती गोळी बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन असते. ही औषधं मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतात आणि टेल्मिसार्टन व लघवीच्या गोळीचा परिणाम मारतात. तीस वर्षं स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाची कंबर दुखणारच, त्यांना दोष नाही. पण आठवड्यातून चार दिवस ती गोळी जात असेल तर कदाचित तिसरं औषध बीपीमुळे लागलंच नसेल, कंबरेमुळे लागलं असेल. आकड्यापेक्षा मोठी काळजी मूत्रपिंडाची. टेल्मिसार्टन, लघवीचं औषध आणि वरून वेदनाशामक, ही त्रयी एकत्र आली आणि त्यात माणूस उन्हात फिरला किंवा जुलाब झाले, की क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) एका आठवड्यात चढलेलं मी पाहिलं आहे. अधूनमधून पॅरासिटामॉल चालेल, तीही रोज भरपूर नको. कंबरेला शेक, लावायचं मलम, आणि फिजिओथेरपीवाल्याने शिकवलेले व्यायाम. यातलं तिसरं कोणी करत नाही आणि खरा उपयोग त्याचाच होतो. डॉक्टरांना या गोळीबद्दल सांगितलं आहे का? "दुसरं काही औषध घेता का" असं विचारल्यावर लोक "नाही" म्हणतात, कारण मेडिकलवाल्याने दिलेलं ते त्यांच्या लेखी औषधच नसतं. तीच गत फसफसणाऱ्या ॲसिडिटीच्या पावडरीची, तिच्यात सोडियम भरपूर. सर्दीच्या गोळीत नाक मोकळं करणारं जे औषध असतं, तेही बीपी चढवतं. आणि घशासाठी चघळायचं जेष्ठमध! महिनोन्महिने रोज चघळलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. हे सांगितलं की पेशंट माझ्याकडे असे बघतात, जणू मी तुळशीबद्दल वाईट बोलले.

एक दिवसाआड घेण्याबद्दल. बाबांना वाटतं, गोळी नसलेल्या दिवशीही १२८ येतं, म्हणजे गोळीची गरज उरली नाही. बिचाऱ्यांना फसवतंय ते औषधच. ॲम्लोडिपिन शरीरात निम्मं व्हायलाच तीस ते पन्नास तास घेतं. क्लोरथॅलिडोनही तसंच रेंगाळतं. आज गोळी चुकवली तरी उद्याचा आकडा काल घेतलेल्या गोळीवर चालतो. पेट्रोलचा काटा रिझर्व्हवर आला तरी गाडी काही किलोमीटर जाते, हे ड्रायव्हर माणसाला मी सांगायला नको. आठवडा-दोन आठवडे गेले की आकडा पायरी पायरीने वर सरकतो. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून कळतही नाही. याच्या उलट बाजूही लक्षात ठेवा. नवी गोळी सुरू केल्यावर चौथ्या दिवशी "उतरलं नाही" म्हणून डॉक्टर बदलू नका. ॲम्लोडिपिनची पातळी स्थिर व्हायला आठवडा लागतो, टेल्मिसार्टनचा पूर्ण परिणाम दिसायला चार आठवडे.

पण सगळ्याच गोळ्या अशा सहनशील नसतात. बाबांना नाहीत, तरी घरात दुसऱ्या कुणाला असतील म्हणून सांगते. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल या गोळ्या अचानक बंद केल्या तर नाडी उसळते आणि हृदयाचा आजार असलेल्याला छातीत दुखू शकतं. क्लोनिडिन अचानक सोडलं तर बीपी आधीपेक्षाही वर जातं. या बंद करायच्या तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

"म्हणजे जन्मभर का?" हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण आहे तो. बहुतेकांना होय. पण "एकदा लागली की सुटत नाही" असं म्हणतात त्यात गोळीची सवय लागते असा जो अर्थ असतो, तो खोटा आहे. सवय गोळीची लागत नाही. आजार तिथेच असतो, म्हणून गोळी लागते. वजन आठ-दहा किलो उतरलं, मीठ खरंच कमी झालं, दारू सुटली, तर औषध कमी करता येतं आणि मी ते करते. तीनाचं दोन, दोनाचं एक. दर आठवड्याला मोजत, एका वेळी एकच. उन्हाळ्यातही करावं लागतं. एप्रिल-मे मध्ये घामाने मीठ-पाणी जातं, बीपी आपोआप उतरतं, शेतावर राबणाऱ्याला उठल्यावर घेरी येते. तेव्हा लघवीचं औषध आधी कमी होतं. दिवाळीनंतर थंडी पडली की ते परत लागू शकतं. यात कमीपणा वाटायचं कारण नाही. स्वेटर काढायचा आणि घालायचा, इतकंच.

हे सगळं ज्या आकड्यावर चाललंय, तो आकडा तरी खरा आहे का? ओपीडीत रोज दिसतं: माणूस जिना चढून आला, बोलतोय, पाय लोंबताहेत, हात हवेत धरलाय, शर्टाची बाही वर सारून तिचीच गच्च वेटोळी दंडाला बसलीय, आणि मोजणी सुरू. यातली प्रत्येक गोष्ट आकडा बदलवते. घरी असं करा. लघवीला जाऊन या. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. पाठ टेकून खुर्चीत बसा, पाय जमिनीवर, एकमेकांवर नकोत. पाच मिनिटं गप्प, टीव्ही बंद. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. मशीन दंडाचं हवं, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, जाड दंडाला बारका पट्टा लावला की आकडा उगाच वर येतो. डॉक्टरकडे जायच्या आधीचा एक आठवडा, सकाळी गोळी घ्यायच्या आधी आणि संध्याकाळी, वहीत लिहा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. ती १३५/८५ च्या खाली असावी, बाबांच्या वयाला सोसत असेल तर १३०/८० च्या खाली आणखी चांगलं. दवाखान्यातल्या १४०/९० ची बरोबरी घरच्या १३५/८५ शी होते, हे पुष्कळांना माहीत नसतं. आकडे जसे येतील तसे लिहा, "हा जास्त आला म्हणून खोडला" असं नको. मला वर-खाली आकड्यांची वही आवडते, एकसारखी १२०/८० लिहिलेली वही बघून मी मशीनच मागवते.

रात्री अचानक १८० दिसलं तर? आधी बसा, दहा मिनिटांनी परत मोजा. छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं, हातापायातली ताकद जाणं, दिसायला कमी होणं, यातलं काही असेल तर गाडी काढा. आकडा कितीही असो, यांतलं एकही लक्षण घरी थांबण्यासारखं नाही. काहीच नसेल तर जादा गोळी घेऊ नका, आजची चुकली असेल तर ती घ्या, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. एके काळी आम्हीच निफेडिपिनची कॅप्सूल टाचणीने टोचून पेशंटच्या जिभेखाली पिळायचो. पाच मिनिटांत आकडा धाडकन खाली, नातेवाईक खूष. नंतर लक्षात आलं की इतक्या वेगाने दाब पडला की मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडतं, झटका येतो. १९९० च्या दशकात ती पद्धत चुकीची ठरली. तरी आजही कधी कधी कोणी तरी खिशातून ती कॅप्सूल काढतं.

गोळी सकाळी की रात्री, यावर लोक वाद घालतात. इंग्लंड-स्कॉटलंडकडे २१ हजार लोकांवर केलेल्या चाचणीचा निकाल २०२२ मध्ये आला, काही फरक नाही. बाबांच्या गोळीत लघवीचं औषध आहे, म्हणून सकाळी घ्यावी. उगाच रात्री दोनदा उठायला नको.

दोन गोष्टी डॉक्टरांशी बोलायच्या. एक: दुसऱ्या दवाखान्यात कोणी वेगळ्या नावाची बीपीची गोळी दिली तर दोन्ही पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचा. नाव वेगळं आणि आत पुन्हा टेल्मिसार्टनच, असं सर्रास होतं. टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल ही भावंडंही एकत्र नकोत. २००८ च्या एका मोठ्या चाचणीत दोन्ही एकत्र देऊन फायदा वाढला नाही, त्रास वाढला. दुसरी गोष्ट मुलीने वडिलांना विचारण्यासारखी नाही, डॉक्टरने विचारायची असते: काही पुरुषांना बीपीच्या काही गोळ्यांनी शरीरसंबंधात अडचण येते, ते कुणाला सांगत नाहीत आणि गोळी गुपचूप बंद करतात. एक दिवसाआड गोळी घेण्यामागे कधी कधी हे असतं. औषध बदलता येतं. आईला इशारा द्या, बाबांना डॉक्टरांशी एकटं बोलू द्या.

क्लोरथॅलिडोन नवं आहे, म्हणून रक्ताचं सांगून थांबते. मागच्या पावसाळ्यात सत्तरीच्या एका आजींना घरच्यांनी आणलं. आठ दिवस असंबद्ध बोलत होत्या, जेवत नव्हत्या, घरात कुणी तरी "बाहेरचं काही" म्हणून अंगाराही लावला होता. सोडियम ११८, म्हणजे फारच उतरलेलं. महिन्यापूर्वी लघवीच्या औषधाची गोळी सुरू झाली होती आणि रक्त तपासायचं राहून गेलं होतं. गोळी थांबली, सोडियम हळूहळू वर आणलं, चौथ्या दिवशी आजी सुनेला कुकरच्या शिट्ट्यांवरून बोलल्या आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला. तेव्हा बाबांची नवी गोळी सुरू होऊन महिना झाला असेल तर सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन या तीन तपासण्या या आठवड्यात करून घ्या, जोडीला साखर आणि युरिक ॲसिड. क्रिएटिनिन आधीपेक्षा थोडं वर आलं तर घाबरून गोळी बंद करू नका. टेल्मिसार्टनने ते तीस टक्क्यांपर्यंत वाढू शकतं, ते चालतं. त्याहून जास्त असेल तर डॉक्टर बघतील. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर ही तिहेरी गोळी त्या एक-दोन दिवसांपुरती थांबवायची का, हे फोन करून विचारा. बहुतेक वेळा थांबवतो. बाजारातलं कमी सोडियमचं मीठ आणायच्या आधीही विचारा, त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टनही पोटॅशियम वाढवतं. सैंधव आणून उपयोग नाही, तेही मीठच.

आणि रक्त द्यायला उपाशीपोटी जायचं असेल तर सकाळची बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेऊनच जा. एकादशीच्या उपासालाही तेच. उपाशी म्हणून गोळी घेतली नाही, आणि त्याच दिवशी बीपी मोजून "वाढलंय" म्हणून चौथं औषध घेऊन आले, असे दोन जण आज सकाळीच येऊन गेले.